प्राण्याचे चित्र: केसांच्या आधी वजन

वडोदऱ्यातील एका हौशी चित्रकारांनी दोन प्रश्न विचारले आहेत. ते मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रांवरून गाई, घोडे, कुत्री रंगवतात. केसन् केस उतरतो, मोजमाप चुकत नाही, घरचे आणि शेजारचे कौतुकही करतात, पण चित्रातला प्राणी पेंढा भरून ठेवल्यासारखा दिसतो आणि त्याचे कारण त्यांना सापडत नाही, हा पहिला प्रश्न. प्राणिचित्र हा कॅलेंडरवाल्यांचा विषय आहे, गंभीर चित्रकाराने त्यात वेळ दवडू नये, असे त्यांना एका जाणकाराने सुनावले. ते खरे मानावे काय, हा दुसरा. सोबत त्यांनी आपल्या एका चित्राचा फोटो पाठवला आहे. त्यात एक कांकरेज बैल आहे.

बैलाची शिंगे उत्तम आली आहेत. मानेवरचा गडद राखाडी रंग पाठीकडे कसा फिका होत जातो, तेही तुम्ही नीट टिपले आहे. दोष एकाच ठिकाणी आहे, पण तो मुळाशी आहे. हा बैल चार पायांवर उभा आहे आणि तरीही त्याच्या एकाही पायावर भार पडलेला नाही. चारही पाय सारख्याच ताणाच्या रेषांनी काढलेले आहेत, चारही खूर जमिनीला नुसते टेकले आहेत, आणि पाठीची रेषा वशिंडापासून शेपटीपर्यंत कोठेही अडखळत नाही. चार-पाचशे किलोंचे जनावर उभे राहते तेव्हा असे कधी होत नाही. ते कोणत्या तरी पायावर रेलते, कोणता तरी पाय मोकळा सोडते, आणि त्या निवडीचा परिणाम पुठ्ठ्यापासून मानेपर्यंत सगळीकडे दिसतो. तुम्ही कातडीपासून सुरुवात करून आत जाण्याचा प्रयत्न करता. सुरुवात भारापासून व्हायला हवी आणि कातडी, केस ही शेवटच्या दिवसाची कामे समजायला हवीत.

त्यासाठी थोडी शरीररचना अंगवळणी पडावी लागते. सगळ्या हाडांची नावे पाठ करण्याची गरज नाही. घोड्याच्या किंवा गाईच्या मागच्या पायात मध्यावर जो मागे निघालेला कोपरा दिसतो, त्याला बरेच जण उलटा वाकणारा गुडघा समजतात. ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला कातडीच्या घडीपाशी असतो आणि तो आपल्या गुडघ्यासारखाच पुढे वाकतो. पुढच्या पायात ज्याला आपण गुडघा म्हणतो ते मनगट आहे. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटाच्या टोकावर उभा असतो, गाय-म्हैस दोन बोटांच्या टोकांवर, कुत्रे आणि मांजर बोटांवर, तर अस्वल आपल्यासारखे पूर्ण तळव्यावर. एवढे डोक्यात बसले की पाय कोठे वाकेल आणि कोठे वाकणे शक्यच नाही, हे हाताला आपोआप कळू लागते.

याहून महत्त्वाची आणि चित्रकलेच्या वर्गांत फारशी न सांगितली जाणारी गोष्ट खांद्याची आहे. घोड्याच्या किंवा बैलाच्या पुढच्या फऱ्याचा, म्हणजे खांद्याच्या पसरट हाडाचा, छातीच्या पिंजऱ्याशी हाडाचा सांधा नसतो. आपल्या गळ्याखाली दिसते ते आडवे हाड या प्राण्यांना नसतेच. दोन फऱ्यांच्या मधे त्यांचे धड स्नायूंच्या झोळीत टांगलेले असते. उभ्या घोड्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो आणि तो सगळा या झोळीतून पायांत उतरतो. म्हणून चालताना फऱ्याचे वरचे टोक पाठीच्या रेषेजवळ वरखाली होताना दिसते, आणि मान खाली घालून चरणाऱ्या जनावराची छाती दोन पायांच्या मधे किंचित खाली उतरलेली दिसते. तुमच्या बैलाचे पुढचे पाय टेबलाला ठोकल्यासारखे वाटतात, ते या एका गोष्टीमुळे.

उभे राहण्याच्या, उठण्याच्या, चालण्याच्या सवयी जातीपरत्वे ठरलेल्या असतात आणि प्राणी ओळखीचा असलेला प्रेक्षक त्या नकळत तपासतो. घोडा विश्रांती घेतो तेव्हा मागचा एक पाय ढिला सोडतो, खुराचे टोक जमिनीला टेकवतो आणि त्या बाजूचा पुठ्ठा खाली येतो. तोच घोडा पुढचा एक पाय मोकळा सोडून उभा असेल तर तो पाय बहुधा दुखतो आहे, आणि घोडेवाला तुमच्या चित्राकडे पाहून प्रथम तेच विचारील. गाय उठते ती आधी मागचा भाग उचलून, पुढची मनगटे जमिनीवर टेकवून. घोडा उठतो तो आधी पुढचे पाय पसरून. हत्ती कितीही वेगाने निघाला तरी चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलत नाही. राजस्थानातील कोटा संस्थानाच्या दरबारी चित्रकारांनी काढलेले लढणारे हत्ती पाहिले की त्यांच्या पायांत केवढे वजन आहे ते जाणवते, आणि ज्या शहरात एकेकाळी महाराज खंडेरावांच्या हौसेने हत्तींच्या साठमाऱ्या होत, त्या आपल्या शहरातील चित्रकाराला तरी ते जाणवायला हरकत नाही.

हे सगळे पाहण्यासाठी तुम्हाला गाव सोडावे लागणार नाही. रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या गाईंची वडोदऱ्यात कधी टंचाई पडलेली नाही. वाहतुकीला त्यांचा त्रास होतो हे खरे, पण तासभर एकाच जागी बसणारे इतके संयमी मॉडेल कला-महाविद्यालयातही मिळत नाही. सयाजीबागेतले प्राणिसंग्रहालय आहे, आणि त्याच बागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्या माशाच्या परांसारख्या दिसणाऱ्या पुढच्या वल्ह्यांत बोटांची हाडे पाहून घ्या. मनगट आणि बोटांविषयी वर लिहिलेले सगळे तेथे एका नजरेत पटते. पेंढा भरलेल्या प्राण्यांवरून मात्र अभ्यास करू नका. वाळलेली कातडी आकसते, ओठ ताणले जातात, स्नायूंच्या जागी कारागिराचा अंदाज असतो, आणि तुमच्या चित्रात ज्याची तक्रार आहे नेमके तेच तेथून शिकाल. काळ्या घोड्याच्या चौकातला सयाजीराव महाराजांचा अश्वारूढ पुतळा मात्र चारही बाजूंनी फिरून काढण्यासारखा आहे. रहदारीतून जीव सांभाळून.

हलणारा प्राणी काढायचा कसा, अशी अडचण सगळे सांगतात. एका कागदावर एकच रेखाटन पुरे करण्याचा हट्ट सोडावा. मोठ्या कागदावर चार-पाच रेखाटने एकदम सुरू करावीत; गाईने मान फिरवली की पहिले तसेच सोडून दुसरे घ्यावे, आणि ती पुन्हा पूर्वीच्या स्थितीत आली की पहिल्याकडे वळावे. प्राण्यांच्या ठराविक चार-सहा बैठकी असतात आणि ते फिरून फिरून त्यांवरच येतात. प्रत्येक रेखाटनात प्रथम पाठीचा कणा, मग फऱ्यांचा आणि पुठ्ठ्यांचा तिरपा कल, मग ज्या पायावर भार आहे तो पाय, आणि खुराखालची जमीन. डोके सर्वांत शेवटी. तुम्ही डोळ्यापासून सुरुवात करता असे चित्रावरून दिसते, कारण डोके पूर्ण आहे आणि मागचे पाय कागदात मावावेत म्हणून आखडले आहेत.

छायाचित्राला माझा विरोध नाही, पण त्याचे गुणदोष माहीत हवेत. मोबाइलची नेहमीची लेन्स विस्तृत कोनाची असते. तीन-चार फुटांवरून बैलाचा फोटो घेतला तर मुस्कट फुगते आणि मागचा भाग लहान होतो. तुम्ही फोटोवर चौकटी आखून मोजमाप जुळवता, म्हणजे लेन्सची चूक इमानेइतबारे नकलता. पंधरा-वीस फूट मागे जाऊन, झूम वापरून, लेन्स प्राण्याच्या छातीच्या उंचीवर ठेवून फोटो घ्या. दुसरे असे की छायाचित्र एक क्षण देते आणि भार हा अनेक क्षणांतून समजणारा विषय आहे. १८७८ साली छायाचित्रकार मायब्रिजने कॅलिफोर्नियात ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांनी धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही पाय जमीन सोडतात ते पोटाखाली गोळा झालेले असताना, हे सिद्ध झाले. त्याआधीचे चित्रकार घोडा पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून उडवत असत. फ्रेंच चित्रकार जेरिकोने १८२१ मध्ये काढलेल्या इंग्लंडमधील एप्सम येथील शर्यतीच्या चित्रातले घोडे तसेच आहेत. ते चुकीचे आहेत, आणि तरीही ते धावतात. मायब्रिजच्या चौकटींची नुसती नक्कल करणाऱ्यांचे घोडे बरोबर असतात आणि हवेत अडकून राहतात.

बरोबर असणे आणि जिवंत असणे यांतले अंतर दाखवणारे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच गुजरातच्या एका गेंड्याचे आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशहा याने पोर्तुगिजांना भेट दिलेला गेंडा मे १५१५ मध्ये लिस्बनला उतरला. जर्मनीतील न्युरेम्बर्गचा चित्रकार ड्युरर याने तो कधी पाहिला नाही. एक रेखाटन आणि वर्णन त्याच्या हाती पडले, त्यावरून त्याने त्याच वर्षी लाकडी ठशाचे चित्र केले. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, आणि मानेच्या मुळाशी एक जादा शिंग, जे कोणत्याच गेंड्याला नसते. एवढ्या चुका असून पुढची दोन-अडीच शतके युरोपने गेंडा म्हणून तेच चित्र ओळखले. माझ्या मते त्याचे कारण असे की, खाली आलेले जड डोके, पायांत उतरलेले धड आणि जमिनीवर पसरलेली पावले यांत कोठेही शंका उरत नाही. बिचारा मूळ गेंडा पुढे पोपला नजराणा म्हणून पाठवला असता १५१६ साली इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

मग केस काढूच नयेत काय? अवश्य काढावेत. जहांगिराच्या दरबारातील उस्ताद मन्सूर याच्याइतके बारीक काम फार थोड्यांनी केले असेल. १६२१ साली बादशहाला नजर झालेला झेब्रा त्याने रंगवला, ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पट्टे कोणी रंगवले तर नाहीत ना, अशी शंका लोकांना आली होती, असे जहांगिराने स्वतः लिहून ठेवले आहे. पण लघुचित्रातील कामाचा क्रम लक्षात घ्या. आधी रेषा पक्की होते, मग सपाट रंगाचे थर चढतात, कागद पालथा घालून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटला जातो, आणि खारीच्या शेपटीच्या केसांच्या ब्रशाने परदाजाची बारीक रेघोटी येते ती अखेरीस. रेषेतच प्राणी उभा राहिलेला नसेल तर परदाज त्याला वाचवू शकत नाही. केसांची दिशा ही स्नायूंच्या फुगवट्यावरून वाहते. म्हणून फऱ्यावर, कुशीच्या खळग्यात आणि गळ्याखालच्या पोळीवर, जेथे आकार वळतो, तेवढेच केस दाखवावेत आणि बाकीची कातडी रंगाच्या सपाट पट्ट्यांवर सोडून द्यावी.

डोळ्याविषयी थोडक्यात. गाय, घोडा, शेळी यांची बाहुली आडवी असते, शेळीची तर स्पष्ट चिरेसारखी. घरच्या मांजराची उजेडात उभी चीर होते, पण वाघ-सिंहाची बाहुली गोल असते. माणसासारखे पांढरे बुबुळाभोवती दाखवले की प्राणी एकतर घाबरलेला दिसतो किंवा मुखवटा घातलेला माणूस वाटतो. पापणीची सावली डोळ्याच्या वरच्या भागावर पडू द्या आणि चमकेचा ठिपका एकच ठेवा.

रंगाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण पुढचे चित्र म्हशीचे करणार असल्याचे लिहिले आहे म्हणून सांगते. म्हैस काळ्या ट्यूबने रंगवू नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून मिळणारा गडद रंग निळ्याकडे किंवा तांबड्याकडे हवा तसा झुकवता येतो, आणि म्हशीला हे दोन्ही झुकाव लागतात. तिच्या अंगावर केस विरळ असल्यामुळे कातडीच आरशाचे काम करते. सकाळच्या उन्हात पाठीच्या माथ्यावर आकाशाचा थंड निळसर उजेड येतो, कुशीवर खरा काळोख असतो, आणि पोटाखाली तापलेल्या मातीचा परत फिरलेला तांबूस उजेड लागतो; पोट पाठीपेक्षा उबदार दिसते ते त्यामुळे. ती तळ्यातून नुकतीच बाहेर आली असेल तर पाण्याच्या रेषेखालचा भाग चकचकीत आणि वरचा भाग धुळकट, अशी सरळ विभागणी दिसते; वाळत आलेल्या चिखलाला करडा रंग वापरा आणि तो कोरड्या ब्रशाने ओढा. आणखी एक: म्हैस डोके गाईसारखे उंच धरत नाही. तिचे कपाळ पाठीच्या जवळजवळ पातळीवर पुढे येते आणि शिंगे मागे झुकतात. हा कल चुकला की काळी गाय तयार होते.

केसांच्या मोहातून सुटण्यासाठी एक उपाय मी शिकणाऱ्यांना नेहमी सुचवते. विश्वामित्री नदीच्या पुलावरून थंडीच्या दिवसांत उन्हाला आलेल्या मगरी काढा. केस नाहीत, म्हणून लपायला जागा नाही. सुरुवातीला सगळे पाठीवरचा प्रत्येक खवला काढू लागतात आणि लाकडाचा ओंडका तयार होतो. नीट पाहा: पोट जमिनीवर पसरलेले आहे, बाजू बाहेर ढकलल्या गेल्या आहेत, पाय भार वाहत नाहीत, नुसते बाजूला टाकलेले आहेत, आणि शेपटीच्या मुळाशी अंग पुन्हा गोल होते. हे चार-पाच रेषांत येते. खवल्यांच्या ओळी फक्त पाठीचा उंचवटा कोठे वळतो ते सांगण्यापुरत्या हव्यात. तीच मगर उठून चालू लागली की पोट जमिनीपासून उचलते आणि पाय अंगाखाली येतात. तेव्हा चित्र सर्वस्वी बदलते. आणि तोंड उघडून पडलेली मगर हल्ल्याच्या तयारीत आहे असे दाखवू नका. ती बहुतेक वेळा अंगातली उष्णता सांभाळत असते आणि तिचे बाकीचे शरीर पूर्ण सैल असते. २०२४ च्या ऑगस्टमधील पुरात मगरी वस्त्यांत शिरल्या, त्यानंतर आपल्याकडे मगरीची जी चित्रे पाहायला मिळाली त्यांत जबड्याशिवाय फारसे काही नव्हते. भीती समजण्यासारखी आहे, पण मगर तेथे दिसत नाही. काढताना पुलावरूनच काढा, काठावर उतरू नका.

आता दुसरा प्रश्न. प्राणिचित्र हलके, हे मत अगदी हवेतून आलेले नाही. सतराव्या शतकातल्या फ्रेंच अकादमीत विषयांची उतरंड लावली गेली आणि तीत माणूस व इतिहास वर, प्राणी त्यांच्या खाली असे ठरले. इंग्रजी कलाशाळांच्या मार्गाने ती उतरंड आपल्याकडे आली आणि मूळ लोकांनी सोडल्यावरही आपण जपून ठेवली. खुद्द युरोपात तिला उत्तर मिळाले ते चित्रांतूनच. इंग्लिश चित्रकार जॉर्ज स्टब्जने दीड वर्ष घोड्यांची शवे सोलून अभ्यास केला, १७६६ मध्ये घोड्याच्या शरीररचनेवर ग्रंथ काढला, आणि त्याआधी १७६२ च्या सुमारास एका घोड्याचे जवळजवळ पूर्ण आकाराचे चित्र केले, ज्यात ना स्वार आहे, ना जमीन, ना आकाश. फ्रेंच चित्रकर्ती रोझा बोनरने पॅरिसचा घोडेबाजार रंगवण्यासाठी बाजारात पुरुषी पोशाखात जाऊन रेखाटने केली, त्यासाठी पोलिसांचा परवाना काढला. १८५३ साली प्रदर्शनात आलेले ते चित्र पाच मीटरहून रुंद आहे. त्यासमोर उभे राहून कोणी कॅलेंडर म्हणणार नाही.

आपल्या परंपरेत तर ही उतरंड कधी नव्हतीच. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यात छद्दंत जातकाचा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या एका कथेचा, नायक हत्ती आहे, आणि चित्रकाराने त्याला माणसाचे हावभाव चिकटवलेले नाहीत. जे सांगायचे ते सोंडेच्या वळणातून आणि झुकलेल्या गंडस्थळातून सांगितले आहे. महाबलीपुरमच्या प्रचंड शिल्पपटात तपस्वी माणसांच्या शेजारी उभ्याने तप करणारे मांजर आहे आणि त्याच्या पायांशी उंदीर. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर छोटा उदेपूरकडे राठवा लोकांच्या घरी नवस फेडताना भिंतीवर पिठोरा लिहिला जातो. दूध आणि मोहाच्या दारूत कालवलेल्या रंगांनी काढलेले ते घोडे देवांचे आहेत. त्यांना टाच कोठे आणि मनगट कोठे, हे विचारणे गैरलागू आहे, कारण तेथे घोडा पाहून काढायचा नसतो, बोलवायचा असतो. वर मी भाराविषयी जे लिहिले ते पाहून काढलेल्या चित्राला लागू आहे, सगळ्या प्राणिचित्रांना नाही. दिवाणखान्यासाठी पिठोरा घोड्यांची शोभेची नक्कल करणाऱ्यांचे मला मात्र कौतुक वाटत नाही.

आणि आपल्या सयाजीराव विद्यापीठातील फाइन आर्ट्स विभागाचे उदाहरण तर घरचे आहे. चित्रकार ना. श्री. बेंद्रे इंदूरहून निघून पुढे येथे शिकवायला आले, ते गाई-गुरांकडे रंग आणि आकार म्हणून पाहत. के. जी. सुब्रमण्यन यांनी फाइन आर्ट्सच्या जत्रेसाठी खेळणी केली, काचेवर उलट्या बाजूने चित्रे केली, आणि त्यांत शेळ्या, मांजरे, माकडे माणसांच्या इतक्याच हक्काने वावरतात, कधी माणसांना पुरून उरतात. तुमच्या जाणकारांना कॅलेंडरचा राग असेल तर तो बरोबर आहे, पण त्याचे मूळ विषयात नाही. डोळ्यांत पाणी आलेली गाय, कृतज्ञ दिसणारा कुत्रा, उगवत्या सूर्यापुढे उधळलेले घोडे यांत प्राणी उरलेलाच नसतो. माणसाने आपल्या भावनेला शिंगे किंवा शेपूट लावलेली असते.

या दोन प्रश्नांखेरीज तुम्ही शेवटी जाता जाता विचारले आहे की, ओळखीचे लोक त्यांच्या कुत्र्याचे चित्र करून मागतात, ते घ्यावे काय. घ्या, आणि पैसे घ्या. कुत्रा घरी जाऊन पाहीन, ही अट आधी घाला. तो कोणत्या बाजूला कलून बसतो, मालकाची चाहूल लागली की कान आधी उचलतो की मान, एवढे समजले तरी निम्मे काम होते. कुत्रा हयात नसेल तर लोक त्याचा सर्वांत गोंडस फोटो पाठवतात, बहुधा वरून काढलेला, मोठ्या डोक्याचा. त्याऐवजी घरच्या मोबाइलमधले व्हिडिओ मागा, त्यांत तो चालताना, उठताना, जेवणाची वाट पाहत बसलेला असेल. त्यावरून आधी दहा-बारा लहान रेखाटने करून मालकाला दाखवा आणि यांतला तुमचा कोणता, ते त्यांनाच विचारा. ते ज्या रेखाटनावर बोट ठेवतील त्यात डोळे काढलेले नसले तरी चालेल. रंग त्यानंतर.